बिनतारी लहरींची वाट

मुलांनो, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे एक विशाल रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या विस्तारात उभ्या आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी अत्यंत क्षीण असतात. माणसाच्या यंत्रांतून निघणाऱ्या लहरींच्या गोंगाटात त्या बुडून जातात. म्हणूनच ही जागा शहरापासून दूर, डोंगरांच्या आडोशाला निवडली गेली.

आपल्या घरातील वायफायही अशाच लहरींवर चालते. ते मंद झाले, की अभ्यास अडतो आणि आपण त्रासून यंत्राला बोल लावतो. त्याऐवजी शास्त्रज्ञाप्रमाणे कारण शोधावे. प्रथम संगणक राउटरला तारेने जोडावा. तरीही वेग मंदच राहिला, तर दोष बहुधा राउटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या जोडणीत असतो. वेग वाढला, तर दोष लहरींच्या वाटेत आहे असे समजावे. जाड दगडी भिंत व लोखंडी कपाट लहरींना अडवतात. मायक्रोवेव्ह भट्टी आणि शेजारचा राउटर गोंगाट करतात. म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी ठेवावा.

मात्र एका वेळी एकच बदल करावा. अनेक बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही. दुर्बीण असो वा राउटर, ज्ञानाची रीत एकच आहे.