प्रवेशाच्या धांदलीत राहून जाणारा विषय : तर्कशास्त्र

दिलेल्या विधानांवरून कोणता निष्कर्ष निघतो आणि कोणता निघत नाही, हे तपासण्याचे शास्त्र म्हणजे तर्कशास्त्र. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीला कला शाखेत तो स्वतंत्र ऐच्छिक विषय आहे. विज्ञान आणि वाणिज्य शाखांत बारावीच्या गणिताचे पहिलेच प्रकरण गणितीय तर्कशास्त्राचे असते. तरीही निकालानंतरच्या आठवड्यांत पालकांच्या तोंडी हा विषय येत नाही. एआय किंवा डेटा सायन्सला जागा मिळेल का, आणि न मिळाल्यास मुलाचे पुढे काय होणार, एवढेच विचारले जाते.

या विषयाची सुरुवात तर्कदोषांपासून होते, आणि त्यांची उदाहरणे शोधायला घराबाहेर जावे लागत नाही. ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केले तर चांगली नोकरी मिळते, ही तर कॉम्प्युटर घेत नाही, म्हणजे हिला चांगली नोकरी मिळणार नाही.’ पहिले विधान खरे मानले तरी निष्कर्ष निघत नाही, कारण चांगल्या नोकरीचा तो एकमेव रस्ता आहे असे त्या विधानात कुठेच म्हटलेले नाही. हा पूर्वांगनिषेधाचा दोष. ‘डॉक्टर तरी हो, नाहीतर इंजिनिअर’ यात बाकीचे पर्याय आधीच पुसलेले असतात. ‘सोसायटीतली सगळी मुले त्याच क्लासला जातात’ हे गर्दीचा दाखला देणे झाले, पुरावा नव्हे. ‘आमचे सोड, तू ऐकले नाहीस तर आजोबांना काय वाटेल’ यात तर युक्तिवादाची जागा भावनेच्या दडपणाने घेतलेली असते. पालकांची काळजी खरी असते, पण असे युक्तिवाद रोज ऐकणारे मूल निवड करायला शिकत नाही, फक्त मान डोलवायला शिकते. चार वर्षांच्या पदवीचा खर्च आणि मुलाची उमेदीची वर्षे ज्या युक्तिवादावर लावायची, तो पालकांनी आधी कागदावर मांडून तपासला पाहिजे.

तर्कदोषांची यादी पाठ करणे म्हणजे तर्कशास्त्र येणे नव्हे. दुसऱ्याच्या बोलण्यावर दोषाचे नाव चिकटवले की वाद जिंकला, असा नवशिक्यांचा समज होतो. सदोष युक्तिवादाचा निष्कर्षही खरा असू शकतो. फक्त तो त्या युक्तिवादाने सिद्ध झालेला नसतो.

इथून पुढे आकाराचा विचार येतो. ॲरिस्टॉटलने मांडलेल्या सिलॉजिझममध्ये दोन आधारविधाने, एक निष्कर्ष आणि तीन पदे असतात. ‘सर्व चांगल्या प्रोग्रामरना गणित येते, अमेयला गणित येते, म्हणून अमेय चांगला प्रोग्रामर होणार.’ अनेक घरांत शाखा याच अनुमानावर ठरते, आणि ते अवैध आहे: ‘गणित येणारे’ हे मधले पद दोन्ही बाजूंना नीट जोडतच नाही. सिलॉजिझमचे एकूण 256 आकार संभवतात. आधुनिक अर्थाने त्यांतले केवळ 15 वैध ठरतात. भारतीय न्यायदर्शनातले अनुमान प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाच अवयवांचे असते आणि सदोष हेतूंची चर्चा तिथे हेत्वाभास म्हणून होते. यूजीसी-नेटच्या पहिल्या पेपरात आज या दोन्ही परंपरा आहेत.

मग चिन्हे येतात. जॉर्ज बूलने 1854 मध्ये तर्काला बीजगणिताचे रूप दिले, गोटलोब फ्रेगेने 1879 मध्ये आधुनिक चिन्हांकित तर्काचा पाया घातला. ‘आणि’, ‘किंवा’, ‘जर-तर’, ‘नाही’ यांचे सत्यता कोष्टक मांडता येते. तीन विधानांना आठ ओळी, पाच विधानांना बत्तीस. हे काम यांत्रिक आहे, म्हणून मुलांना सोपे वाटते. अडखळायला होते ते ‘जर-तर’पाशी: ‘जर’चा भाग असत्य असेल तर संपूर्ण विधान सत्य धरले जाते. हे पाठ करून पुढे पळू नये, इथे थांबून विचार करावा.

खरी कसोटी सिद्धतेची. एक उदाहरण पुरेसे आहे. अर्ज ऑनलाइन भरला आहे किंवा केंद्रावर दिला आहे. ऑनलाइन भरला असेल तर पावतीचा ईमेल आलेला असतो. ईमेल आलेला नाही. यावरून आधी ‘ऑनलाइन भरलेला नाही’ हे काढायचे आणि मग ‘केंद्रावर दिला आहे’ हे. प्रत्येक पायरीसमोर नियम लिहायचा. मनाला पटले म्हणून पुढे जायची मुभा नाही. नियम मोजके असतात, पण कोणता कधी लावायचा हे कोणताही नियम सांगत नाही. अप्रत्यक्ष सिद्धतेत तर जे सिद्ध करायचे त्याच्या उलट धरून विसंगती गाठावी लागते. एका प्रश्नावर तासभर अडकून राहण्याची सवय इथे लागते. मार्गदर्शकातली उत्तरे उतरवणाऱ्याला ती कधीच लागत नाही.

शेवटी ‘सर्व’ आणि ‘काही’ यांचे विधेय तर्कशास्त्र. त्यातले प्रत्येक अनुमान वैध की अवैध हे ठरवणारी सार्वत्रिक यांत्रिक पद्धत असू शकत नाही, हे 1936 मध्ये अलोन्झो चर्च आणि ॲलन ट्युरिंग यांनी दाखवले. संगणकाची सैद्धांतिक कल्पना ट्युरिंगच्या त्याच शोधनिबंधात आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी क्लॉड शॅननने बूलचे बीजगणित विद्युत मंडलांना लावले. ज्या एआयसाठी घरे कर्ज काढतात, त्याच्या मुळाशी असलेला हा विषय पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात पडून राहतो. जेईई मेनच्या अभ्यासक्रमातून 2024 पासून गणितीय तर्क वगळला गेला, आणि क्लासच्या वेळापत्रकातही त्याला दुय्यम जागा मिळू लागली.

स्पष्ट सांगायचे तर केवळ तर्कशास्त्राच्या जोरावर पदवीनंतर लगेच नोकरी मिळत नाही. विधी शाखेच्या क्लॅट आणि राज्याच्या सीईटीत, कॅटमध्ये, यूपीएससीच्या सीसॅटमध्ये तार्किक क्षमता तपासतात. त्यांची तयारी करून घेणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. दुर्लक्षित वाट वेगळी आहे: फॉर्मल व्हेरिफिकेशन, म्हणजे चिप किंवा सॉफ्टवेअर अपेक्षेप्रमाणेच चालेल हे गणिती सिद्धतेने दाखवणे. 1994 मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक सापडली, कंपनीला 47.5 कोटी डॉलरची तरतूद करावी लागली, आणि चिप उद्योगात या पद्धतींना वजन आले. आज लीनसारख्या प्रणालींत गणिताच्या सिद्धता संगणकाकडून तपासून घेतल्या जातात. या वाटेला संगणकशास्त्र किंवा गणिताची पदवी लागते. गेटच्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात विधान आणि विधेय तर्कशास्त्र आहेच. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये बारावीनंतर गणित आणि संगणकशास्त्राची पदवी करता येते, प्रवेश स्वतंत्र परीक्षेने होतो.

सुरुवात करायला महागडा कोर्स लागत नाही. बालभारतीची अकरावी-बारावीची तर्कशास्त्राची पुस्तके मराठीत आहेत. इंग्रजी जमत असेल तर पी. डी. मॅग्नस यांचे ‘फॉर ऑल एक्स’ विनामूल्य मिळते; आयर्व्हिंग कोपीचे 1953 पासून आवृत्त्या निघत आलेले ‘इंट्रोडक्शन टू लॉजिक’ अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने गणिताचे पहिले प्रकरण उरकून न टाकता त्यासोबत अकरावीचे कला शाखेचे पुस्तक वाचावे आणि रोज एकतरी सिद्धता उत्तर न पाहता सोडवावी. ज्याला त्या अडकण्यात गोडी वाटेल, त्याच्यासाठी वरची वाट आहे. ज्याला दोन-तीन महिन्यांनंतरही ती वाटणार नाही, त्याला केवळ बाजारात मागणी आहे म्हणून एआयच्या शाखेत ढकलू नये.