आजारी जनावर आणि वेळेवर पशुवैद्यकीय मदत

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. येथील शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावर चालते. मृगाचा पाऊस पडताच तिफण जुंपण्याची घाई होते. अशा ऐन वेळी जोडीतील एक बैल आजारी पडला, तर दुसराही दावणीला बसून राहतो आणि लहान शेतकऱ्याची पेरणी खोळंबते. घटसर्प, फऱ्या यांसारखे रोगही याच दिवसांत डोके वर काढतात. म्हणून पशुवैद्यकास केव्हा बोलवावे, काय सांगावे आणि ते येईपर्यंत काय करावे, याची माहिती प्रत्येक पशुपालकास असणे अगत्याचे आहे.

लक्षणे ओळखा

निरोगी जनावर निवांत बसून रवंथ करते. त्याची नाकपुडी ओलसर असते. शरीराचे तापमान सर्वसाधारणपणे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. चारा सोडणे, रवंथ थांबणे, कळपापासून अलग उभे राहणे ही आजाराची पहिली लक्षणे होत. ती दिसताच दवाखान्यास कळवावे.

काही आजारांत एक रात्रही थांबून चालत नाही. घटसर्पात एकाएकी तीव्र ताप येतो, गळ्याला सूज येते व श्वासाची घरघर सुरू होते. उपचाराविना जनावर एका दिवसातही दगावते. फऱ्या रोगात तरुण, धष्टपुष्ट जनावर लंगडू लागते व सुजलेला भाग दाबल्यास चरचर आवाज येतो. पोटफुगीत डावी कूस फुगते. पाण्याचा ताण बसलेली कोवळी ज्वारी खाल्ल्याने होणारी विषबाधा तर अत्यंत कमी वेळात प्राण घेते.

काय कळवावे?

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधावा. जनावराचे वय, ते गाभण वा दुभते आहे काय, आजार केव्हापासून, काय खाल्ले, पूर्वी कोणती लस टोचली आणि गावात आणखी किती जनावरे आजारी आहेत, हे सांगावे. कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांकही जवळ ठेवावा. एवढ्या माहितीवरून योग्य औषधे घेऊन निघणे पशुवैद्यकास सोपे जाते.

पशुवैद्यक येईपर्यंत

आजारी जनावर इतरांपासून दूर, हवेशीर सावलीत बांधावे. त्याचा चारा-पाणी वेगळा ठेवावा. बांबूच्या नळीने बळजबरीने औषध पाजू नये; ते फुफ्फुसात उतरून जनावर दगावू शकते. डाग दिल्याने रोग जात नाही, वेदना व जखम मात्र वाढते.

गावाची जबाबदारी

साथीचा रोग एका गोठ्यापुरता राहत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात आढळलेला लम्पी चर्मरोग पुढे राज्यभर पसरला. डास, माश्या व गोचीड यांच्यामार्फत त्याचा प्रसार होतो. त्या साथीत दगावलेल्या दुभत्या गायीमागे ३०,०००, बैलामागे २५,००० व वासरामागे १६,००० रुपयांचे शासकीय साहाय्य ठरविण्यात आले होते. आजाराची नोंद वेळेवर करणे पशुपालकाच्या हिताचे का आहे, हे यावरून ध्यानात येईल.

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाची शंका येताच पशुपालकाने ग्रामपंचायतीस वा गावच्या अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. तेथून ही माहिती जवळच्या पशुवैद्यकाकडे जावी, अशी तरतूद आहे. आजारी जनावर अलग ठेवणे हेही मालकाचे कर्तव्य आहे.

जनावर अचानक मरून नाका-तोंडातून काळसर, न गोठणारे रक्त आल्यास फाशी रोगाची शंका घ्यावी. असे शव मुळीच फाडू नये, कातडेही काढू नये. हवेशी संबंध येताच जंतूंचे बीजाणू तयार होतात व ते मातीत अनेक वर्षे टिकतात. हा रोग माणसासही होतो. पशुवैद्यकास कळवून त्यांच्या सल्ल्याने विल्हेवाट लावावी.

घटसर्प व फऱ्या यांवरील लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावयास हवी. यासाठी ग्रामपंचायतीने मे महिन्यातच लसीकरणाचा दिवस ठरवून दवंडी द्यावी. दवाखान्याचा पत्ता व संपर्क क्रमांक चावडीवर ठळक अक्षरांत लिहावा. शिक्षकांनी रोगलक्षणांचा पाठ वर्गात घ्यावा. गुरे राखणारी मुले घरी बातमी लवकर पोहोचवतील आणि पशुवैद्यकास बोलावण्यात जाणारा मोलाचा वेळ वाचेल.