दुकानातील क्रेडिट कार्ड आणि ग्राहकाची माहिती

तंजावरचा राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून कुंभकोणमकडे निघालेला मराठी प्रवासी वाटेत पापनाशम या तालुक्याच्या गावी थांबतो आणि एखाद्या दुकानात खरेदी करतो, असे समजू. त्याला तमिळ येत नाही. कार्ड पुढे करताच मोबाइल क्रमांक विचारला जातो, क्वचित पिनही विचारला जातो. परक्या भाषेत नकार देणे अवघड असते. म्हणून मनुष्य घरी जे सांगितले नसते ते येथे सांगून टाकतो.

वास्तविक येथे दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ होत असते. कार्डाचे गुपित ही एक आणि ग्राहकाची ओळख ही दुसरी. पैसे मिळण्यासाठी दुकानदाराला यांपैकी एकही स्वतःजवळ ठेवावी लागत नाही.

पूर्वी स्थिती वेगळी होती. कार्डावरील उठावाचे अंक यंत्राखाली दाबून कार्बनच्या साहाय्याने पावतीवर उमटवीत. टाकून दिलेल्या कार्बनच्या कागदावर संपूर्ण क्रमांक वाचता येई आणि कचऱ्याच्या टोपलीतून तो उचलणारे लोकही होते. पुढे चुंबकीय पट्टी आली. तिच्यावरील माहिती कायम तीच राहते. त्यामुळे खिशात मावणाऱ्या उपकरणातून कार्ड एकदा फिरविले की तिची नक्कल तयार होते. चिपचे कार्य निराळे आहे. ती प्रत्येक व्यवहारासाठी नवे सांकेतिक उत्तर तयार करते. जुने उत्तर चोरले तरी पुढील व्यवहारात ते निरुपयोगी ठरते.

तथापि चिप असलेल्या कार्डावरही क्रमांक, मुदत आणि तीन गुप्त अंक बहुधा छापलेले असतातच. कार्ड आतल्या खोलीत नेऊन त्याचे छायाचित्र घेतले, तर जेथे दुसरी पडताळणी मागितली जात नाही अशा परदेशी संकेतस्थळांवर ते वापरता येते. म्हणून कार्ड नजरेआड होऊ न देता यंत्रच आपल्यापुढे आणावयास सांगावे. यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

मोबाइल क्रमांकाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. त्याने कार्ड चोरले जात नाही. परंतु कोणी, कोठे, काय घेतले याची नोंद एका नावाशी जोडली जाते. कॅलिफोर्नियाने १९९० साली कायदा करून, कार्ड स्वीकारण्याची अट म्हणून अशी माहिती मागण्यास दुकानदारांना मनाई केली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये टपाल विभागाचा क्रमांकही त्यात मोडतो असे ठरविले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये अशी सूचना विक्रेत्यांना दिली. तेव्हा 'क्रमांक देत नाही' एवढे म्हणणे पुरेसे असावे. काही ठिकाणी यंत्रच क्रमांकावाचून पुढे जात नाही असे उत्तर मिळते. ते सहसा बिल करणाऱ्या यंत्राविषयी असते, कार्डाच्या यंत्राविषयी नव्हे.

पिनबाबत मात्र वाटाघाटीला जागा नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली असे ठरविले की, बँक आणि ग्राहक या दोहोंचाही दोष नसताना तिऱ्हाइताकडून फसवणूक झाली आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने ती कळविली, तर त्याच्यावर भार पडू नये. परंतु त्याने स्वतःच पिन सांगितला असेल, तर कळविण्यापूर्वीचे सर्व नुकसान त्याचेच. पिन तोंडाने सांगू नये. एका हाताने आडोसा करून दुसऱ्या हाताने आपणच दाबावा. ही खूण कोणत्याही भाषेच्या दुकानदारास कळते.