थंडीतला थवा उठवू नका

नांदेड-लातूरकडे बर्फ पडत नाही. पण बर्फाच्या मुलखातले पक्षी दर हिवाळ्यात आपल्या धरणांवर उतरतात. विष्णुपुरीचा शंकरसागर, बारूळ आणि लिंबोटीचे मानार प्रकल्प, उदगीर तालुक्यातला तिरू, लातूरला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या येतात. नशीब असेल तर पट्टकादंबही दिसतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस लडाखमध्ये त्सो मोरीरीसारख्या साडेचार हजार मीटरवरच्या तळ्यांकाठी वीण करतो. त्याच्या पाठीवर यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात त्याचं उड्डाण 7,290 मीटर उंचीपर्यंत नोंदलं गेलं आहे.

एवढा पल्ला मारून आलेला पक्षी आपल्याकडे खायला आणि विसाव्याला येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये हिमालय पुन्हा ओलांडायचा, तर अंगावर चरबी हवी. थंड सकाळी चोच पाठीच्या पिसांत खुपसून एका पायावर उभा असलेला हंस अंगातली ऊब राखत असतो. फोटोसाठी त्याला उठवलं की ती चरबी पंखांत जळते. उडणाऱ्या थव्याच्या फोटोला लोक भरभरून दाद देतात आणि म्हणूनच काही जण मुद्दाम पळत जाऊन, टाळ्या वाजवून थवा उठवतात. काठांवर मी हे वारंवार पाहिलं आहे आणि दर वेळी संताप आला आहे. ड्रोन तर नकोच. थव्यातल्या दोन-चार माना एकदम ताठ झाल्या, चरणं थांबलं, हाका वाढल्या, की पाऊल तिथेच थांबवायचं. माना पुन्हा खाली गेल्या तरच पुढचा विचार.

थंडीतल्या पक्षीछायाचित्रणाची सगळी तयारी असते ती न हलता बसता यावं यासाठी. उजाडायच्या आधी जागेवर बसा, पक्षी आपल्या वेळेला जवळ येतो. पण डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यात पारा दहा अंशांखाली सहज जातो. परभणीच्या कृषी विद्यापीठात तर पाच अंशांखालच्याही नोंदी आहेत. त्यात पाण्यावरून येणारा वारा. कानटोपी, पायात लोकरी मोजे, बुडाखाली जाड घोंगडी नसेल तर माणूस अर्ध्या तासात चुळबुळायला लागतो आणि पक्षी त्या हालचालीलाच बुजतो.

दुसरी गोष्ट गाळाची. पाणी ओसरलं की काठावर गाळपेर होते, त्याच्या पुढे वरून वाळलेली भेगाळ जमीन दिसते. ती भरवशाची नाही. एका धरणावर आमच्या सोबतचा एक जण चक्रवाकांच्या जोडीकडे सरकत असताना मासेमारी करणाऱ्या भोयांनी लांबून ओरडून सांगितलं, "दादा, तिकडं नका जाऊ, खाली गाळ हाय." त्यानं ऐकलं नाही. मांडीपर्यंत रुतला. त्या भोयांनीच थर्माकोलचा तराफा सरकवत नेऊन त्याला बाहेर ओढलं. लेन्स मात्र गाळातच गेली. गार पाण्यात भिजलेला माणूस वाऱ्यात किती झपाट्यानं गारठतो, ते त्या सकाळी सगळ्यांनी पाहिलं. आधी भोयांशी बोला, मग काठाला उतरा. पक्षी कुठे बसतात हेही त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

आता आपल्याकडची बरीच मंडळी हिवाळ्यात लडाखला किंवा मोनाल पक्षी टिपायला उत्तराखंडात चोपत्याला जातात. तिथे खरा बर्फ असतो. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य मध्यम करडं धरून चालतं, म्हणून पांढराशुभ्र बर्फ फोटोत मळकट येतो. एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप वाढवावं लागतं. विष्णुपुरीच्या दाट धुक्यातही हाच नियम, फक्त थोड्या प्रमाणात. गारठ्यात बॅटरी लवकर मान टाकते. जास्तीची बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. 'संपलेली' बॅटरीही अंगाच्या उबेनं पुन्हा थोडी चालते. आणि गार कॅमेरा एकदम उबदार खोलीत नेऊ नका, काचेवर आणि आतही पाणी धरतं. बाहेरच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आत नेल्यावर तास-दोन तास पिशवी उघडू नका. फोटो पाहायची घाई असेल तर कार्ड बाहेरच काढून घ्या. उंचीवर पोहोचल्यावर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्या. डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर आणखी वर जायचं नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचा पक्षी कितीही भारी लेन्सनं स्पष्ट येत नाही. त्यावर उपाय पुढे सरकणं हा नव्हे. कॅमेरा बंद करा, दुर्बीण काढा, थवा मोजा.

ही मोजणी महत्त्वाची आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. जिथे पाणी नाही तिथे बदकं उतरणार कुठे? दर वर्षीचे आकडे हाती असतील तरच कुठल्या धरणावर काय घटलं ते सांगता येतं. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तुमच्या गावाजवळच्या तलावाची नोंद त्यात नसेल तर ती तुम्ही करा. आणि फोटो लोकांसमोर ठेवताना धरणाचं नाव जरूर लिहा, थव्याची बसायची नेमकी जागा मात्र कुणाला सांगू नका.