मोठा जीन, छोटी बॅग

बारावीनंतर आपण बायोलॉजीला रामराम ठोकला. तरी हा विषय इंजिनिअरिंगवाल्यांनी वाचावा, कारण यातली अडचण चक्क पॅकिंगची आहे!

डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आनुवंशिक आजार. बिघडलेला जीन एक्स क्रोमोझोमवर असल्याने तो बहुतेक मुलग्यांनाच होतो. लहानपणी मुलगा सारखा पडतो, उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकतो. बहुतेकांना बाराव्या वर्षाच्या आसपास व्हीलचेअर लागते आणि पुढे श्वासाचे व हृदयाचे स्नायूही थकतात. या मुलांच्या शरीरात डिस्ट्रोफिन हे प्रोटीन बनत नाही. ते म्हणजे स्नायूपेशीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बरच म्हणा ना. ते नसलं की स्नायूच्या प्रत्येक हालचालीत पेशीचं आवरण थोडं थोडं फाटतं.

मग चांगला जीन आत पाठवा की! त्यासाठी एएव्ही नावाचा, आजार न करणारा विषाणू बॅगसारखा वापरतात. पण त्यात जेमतेम 4,700 अक्षरं मावतात आणि डिस्ट्रोफिनची नुसती कामाची अक्षरं 11,000 हून जास्त.

वाट एका पेशंटनेच दाखवली. 1990 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी एका माणसाची नोंद केली. त्याच्या डिस्ट्रोफिनचा 46 टक्के भाग गायब होता, तरी तो 61 व्या वर्षी चालत होता! म्हणजे मधला लांबलचक दांडा बराच कापला तरी चालतं. तसा कापून केलेलं 'मायक्रो-डिस्ट्रोफिन' आधी उंदरांत वापरलं गेलं आणि त्यांचे स्नायू सुधारले.

पण माझी शंका इथेच आहे. 1984 मध्ये सापडलेल्या या एमडीएक्स जातीच्या उंदरात डिस्ट्रोफिन नसतं, तरी तो पिंजऱ्यात मजेत पळतो. मुळात फारसा आजारी नसलेला पेशंट बरा झाला यात काय नवल? गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांत मात्र हाच आजार मुलांसारखा गंभीर असतो. 2017 मध्ये फ्रान्स आणि ब्रिटनच्या गटाने अशा 12 कुत्र्यांचे निकाल छापले. एकदाच शिरेतून दिलेल्या औषधाने दोन वर्षांहून जास्त काळ त्यांची तब्येत टिकली.

मग माणसाची पाळी. एलेविडिस या औषधाला अमेरिकेत 2023 मध्ये परवानगी मिळाली, पण त्याच वर्षी मोठ्या चाचणीत मुख्य उद्दिष्ट हुकलं. आणि डोस? वजनाच्या किलोमागे 133 लाख कोटी विषाणूकण! 25 ग्रॅमच्या उंदराऐवजी 50 किलोचा मुलगा घेतला, तर त्याच हिशोबाने विषाणू 2,000 पट. त्यातला बराचसा जातो लिव्हरमध्ये. 2025 मध्ये व्हीलचेअरवरच्या दोन मुलांचा लिव्हर निकामी होऊन मृत्यू झाला आणि चालू न शकणाऱ्यांना हे औषध देणं थांबलं. ज्यांचे स्नायू सर्वात जास्त गेलेत, नेमके तेच बाहेर राहिले.

शिवाय पहिल्या डोसनंतर शरीर हा विषाणू ओळखून ठेवतं, त्यामुळे तोच दुसऱ्यांदा देता येत नाही.