उच्च कोटीच्या करणींचे सुलभीकरण
करणी सोपी करताना विद्यार्थ्यांचे लक्ष प्रथम तिच्या कोटीकडे वेधावे. ∛(५४क्ष⁷) ची कोटी ३. म्हणून तीन-तीन समान अवयवांचे गट पाडावेत. ५४ = २७ × २ आणि क्ष⁷ = क्ष⁶ × क्ष; यास्तव उत्तर ३क्ष²∛(२क्ष). घातांक सातास तिनाने भागले असता भागाकार २ बाहेर व बाकी १ आत, हे मुलांस चटकन उमगते.

खरी अडचण सम कोटीची. ∜(१६क्ष⁴) = २क्ष असे फळ्यावर सर्रास लिहिले जाते; आम्हीही लिहिले आहे. क्ष = −३ घेऊन पाहावे. आतील संख्या १२९६, तिचे धन चतुर्थमूळ ६. २क्ष मात्र −६! तेव्हा क्षचे केवलमूल्य घेऊन २|क्ष| लिहावे, अथवा क्ष ऋण नाही असे उदाहरणातच सांगावे. विषम कोटीस ही सावधगिरी नको. −८ चे घनमूळ −२ च आहे.