दगड, छायाचित्र आणि मुलांचा प्रश्न

अभ्यासपाठ : यहोशवा, अध्याय ४

इस्राएल लोक यार्देनेच्या कोरड्या पात्रातून पार गेले, तेव्हा बारा वंशांतील बारा पुरुषांनी नदीच्या मध्यातून एकेक दगड खांद्यावर उचलून आणला. ते दगड गिलगाल येथे उभारण्यात आले. त्यांचा हेतू या अध्यायात दोनदा (वचने ६ व २१) सांगितला आहे : पुढे मुले विचारतील, तेव्हा वडिलांनी उत्तर द्यावे. म्हणजे स्मारक पुरे होते ते मुलांच्या प्रश्नाने.

प्रवासात आपण पालक मुलांची छायाचित्रे घेतो, तीही अशीच स्मारके. (आपल्या खांद्यावरचा भार हलका, एवढेच!) जुन्या गोव्यात से कॅथेड्रलसमोर मुलीला उभे करून मी कॅमेरा रोखला होता. तिने वर पाहत विचारले, "बाबा, ह्याला एकच मनोरा का?" मी म्हणालो, "आधी इकडे बघून हस." दुसरा मनोरा १७७६ साली कोसळला, हे मी तिला घरी परतल्यावर सांगितले, तोवर तिचे कुतूहल ओसरले होते. छायाचित्रात ती हसते आहे. मनोरा मात्र चौकटीबाहेर राहिला आहे.

येत्या रविवारी प्रवासातील एखादे छायाचित्र मुलांपुढे ठेवावे, आणि प्रथम त्यांना विचारू द्यावे.